नवीन प्रोसेसर येतोय म्हणून गेमिंग लॅपटॉपची खरेदी थांबवायची का?

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. चिरंजीव सोलापुरात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. कॉलेजसाठी सॉलिडवर्क्स (यंत्रांचे भाग रेखाटायचं सॉफ्टवेअर), रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे नेमबाजीचे गेम, सुट्टीत सायबरपंक २०७७ सारखा जड गेम. बजेट १ लाख १० हजार, अगदीच ताणलं तर ५ हजार वर. दुकानात दोन पर्याय दाखवले. एकात इंटेल आय७-१३६५०एचएक्स हा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्यात कोअर ७ २४०एच आणि आरटीएक्स ५०५०. दुकानदाराचं म्हणणं, पहिला तीन वर्षं जुना माल आहे, दुसरा घ्या. भाच्याचं म्हणणं, दोन्ही नकोत, जानेवारीत नवे प्रोसेसर जाहीर झालेत, तीन-चार महिने कळ काढा.

माझं मत: थांबू नका, आणि पहिला घ्या. मात्र पैसे मोजण्याआधी त्या मशीनवर दोन-तीन गोष्टी स्वतः बघा. त्यात ते नापास झालं, तर दुसरा घेण्यात काहीच कमीपणा नाही. आता कारणं.

दुकानदार ज्याला नवा म्हणतोय त्या कोअर ७ २४०एच पासून सुरुवात करू. हा जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला हे खरं. पण आतली चिप रॅप्टर लेक घराण्यातली आहे, म्हणजे २०२३ च्या ‘तेराव्या पिढी’चीच. सहा मोठे कोअर (हिशोब करणारे भाग), चार छोटे, सोळा थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं), २४ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). हीच मांडणी आय७-१३६२०एच मध्ये होती. वरचा क्लॉक, म्हणजे कमाल वेग, ४.९ वरून ५.२ गिगाहर्ट्झ केला, नावातला ‘आय’ काढला, स्टिकर बदललं. तुमचा ‘जुना’ १३६५०एचएक्स त्याच घराण्यातला. त्यातही सहा मोठे कोअर आणि २४ एमबी कॅशे, पण छोटे कोअर आठ, म्हणून थ्रेड वीस. वरचा क्लॉक ४.९. थोडक्यात, दुकानदार तुम्हाला एकाच वर्षी जन्मलेल्या दोन भावांपैकी एकाला म्हातारा आणि दुसऱ्याला तरुण म्हणून दाखवतोय. त्याचा दोष नाही म्हणा, त्याला कंपनीकडून जो तक्ता येतो तोच तो वाचून दाखवतो.

गेममध्ये या दोन प्रोसेसरांत जाणवेल असा फरक नाही. बहुतेक गेमचं काम मोठ्या कोअरवर चालतं, आणि ते दोन्हीकडे सहाच आहेत. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल फिरवताना, फीचर्स रीबिल्ड होताना एका कोअरचा वेग कामाला येतो, तिथेही उन्नीस-बीस. एचएक्सचे जास्तीचे चार छोटे कोअर रेंडरिंगला आणि सिम्युलेशनला उपयोगी पडतील. म्हणजे प्रोसेसरपुरतं बघितलं तर जुन्या नावाचा थोडा सरस आहे. जुनाट कुठल्याच बाजूने नाही.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्याकडेही हीच कथा. २०२३ मध्ये त्यांनी लॅपटॉपच्या आकड्यांची नवी पद्धत काढली. त्यात तिसरा अंक आतल्या रचनेचा (एएमडी तिला ‘झेन’ म्हणते), म्हणजे ३ असेल तर झेन ३ किंवा ३ प्लस, ४ असेल तर झेन ४. ग्राहकाला हे कोण सांगणार? रायझन ७ ७७३५एचएस आणि रायझन ७ ७८४०एचएस शेजारी शेजारी ठेवले की दोन्ही सारखेच नवे वाटतात, पण पहिला म्हणजे २०२२ च्या ६८००एचचंच नवं रूप आणि दुसरा खरोखर पुढच्या रचनेचा. त्याच ७८४०एचएसला २०२४ मध्ये ८८४५एचएस हे नाव मिळालं, एआयचा भाग थोडा जोरदार झाला, बाकी तेच. २०२५ मध्ये तोच रायझन ७ २६० म्हणून आला. तीन वर्षांत तीन नावं, आठ झेन ४ कोअर जिथल्या तिथे. म्हणून कोणी मला ‘लेटेस्ट आहे’ म्हणालं की मी आधी कोअर किती, कुठल्या रचनेचे आणि कॅशे किती हे विचारतो. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलचं पान असतं, नाव टाका आणि दोन मिनिटांत बघून घ्या.

आता भाच्याचा मुद्दा, कारण तो खोटं बोलत नाहीये. जानेवारी २०२६ मध्ये लास वेगसच्या सीईएस प्रदर्शनात इंटेलने कोअर अल्ट्रा सिरीज ३ आणली, म्हणजेच पँथर लेक, चिप बनवण्याच्या त्यांच्या नव्या १८ए प्रक्रियेवर बनवलेली. एएमडीने रायझन एआय ४०० आणली. दोन्हींचा गवगवा झाला आणि पँथर लेकचा तर योग्यच झाला. पण तो कशासाठी झाला ते बघा: बॅटरी आणि आतलं ग्राफिक्स. ज्या मॉडेलच्या आतल्या ग्राफिक्सचं कौतुक चाललंय, ती एक्स७ आणि एक्स९ नावाची, बारा ग्राफिक्स कोअरची. त्यांच्यात वेगळ्या ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय लेन, म्हणजे कार्ड जोडायच्या वाटा, कमी ठेवल्यात, कारण ती पातळ, कार्ड नसलेल्या लॅपटॉपसाठीच आहेत. वेगळं कार्ड बसवायचं तर दुसरा प्रकार, ज्यात आतलं ग्राफिक्स चारच कोअरचं. आणि मोठ्या मॉडेलमध्येही मोठे कोअर चार, आठ छोटे आणि वर चार अगदी कमी विजेवर चालणारे. ही चिप वाईट आहे असं मी म्हणत नाही. कॉलेजला दिवसभर चार्जरशिवाय न्यायचा लॅपटॉप हवा असता तर मीच तुम्हाला थांबा म्हटलं असतं. पण ४०६० किंवा ५०६० जोडलेल्या गेमिंग मशीनमध्ये तिच्यासाठी चार महिने घालवावेत असं त्यात काही नाही. रायझन एआय ४०० तर झेन ५ वरच आहे, म्हणजे रायझन एआय ३०० ची थोडी वेगवान आवृत्ती.

शिवाय सीईएसमध्ये जाहीर होणं आणि सोलापूर-पुण्याच्या दुकानात मिळणं यात अंतर असतं. नवे लॅपटॉप आधी अमेरिकेत आणि चीनमध्ये उतरतात. आपल्याकडे सुरुवातीला वरची, महागडी मॉडेल येतात, आणि लाखाच्या आसपासची नंतर, सावकाश. तुमच्या बजेटमध्ये ‘नवीन’ येईपर्यंत ऑगस्ट उजाडला तर मला आश्चर्य वाटणार नाही. तोवर मुलाचं दुसरं वर्ष संपलेलं असेल.

आता खऱ्या प्रश्नाकडे. गेममध्ये प्रोसेसर लागतो तरी कुठे? हे कोणाच्या मतावर सोडायची गरज नाही, डोळ्यांनी बघता येतं. मित्राच्या लॅपटॉपवर गेम चालू करा आणि एनव्हिडिया अ‍ॅपचा आकडेवारीचा पट्टा पडद्यावर आणा, आल्ट आणि आर दाबलं की येतो. त्यात जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, वापर टक्क्यांत दिसतो. सायबरपंकमध्ये हाय सेटिंगला तो ९७-९९ वर चिकटून बसलेला दिसेल. याचा अर्थ कार्ड पूर्ण राबतंय आणि प्रोसेसर त्याची वाट बघतोय. इथे १३६५०एचएक्स काढून १४९००एचएक्स बसवला, चोवीस कोअरचा, तरी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) जवळपास तितक्याच. मग व्हॅलोरंट लावा, १०८० पिक्सेल, सेटिंग कमी. आता तोच आकडा ५०-६० वर उतरेल. कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसरला फ्रेमची तयारी करायला वेळ लागतोय. इथे प्रोसेसर बदलला तर फ्रेम वाढतात, नक्की वाढतात. प्रश्न इतकाच की वाढून उपयोग काय. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्याला एका फ्रेमसाठी सात मिलिसेकंदापेक्षा किंचित कमी वेळ मिळतो. तुमच्या दोन्ही प्रोसेसरांवर व्हॅलोरंट त्याच्या कितीतरी पुढे पळतं. काउंटर-स्ट्राइक २ त्यामानाने जड आहे, धूर आणि दहा खेळाडू एकत्र आले की फ्रेम खाली येतात. तिथे मोठी कॅशे कामाला येते, पण एएमडीचे एक्स३डी कॅशेवाले लॅपटॉप प्रोसेसर, ७९४५एचएक्स३डी किंवा ९९५५एचएक्स३डी, हे तुमच्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या मशीनमध्ये बसतात. तो विषय सोडून देऊ.

म्हणजे जड गेममध्ये कार्ड ठरवणार, हलक्या गेममध्ये दोन्ही प्रोसेसर पुरेसे. उरतं कार्ड. ४०६० मध्ये ३०७२ क्यूडा कोअर (कार्डातले हिशोब करणारे भाग), ५०५० मध्ये २५६०. दोन्हीत मेमरी ८ जीबी, पण ५०५० ची मेमरी नवी आणि वेगवान, जीडीडीआर७. एकंदरीत दोन्ही जवळपास येतात, पूर्ण वॅटवर ४०६० थोडं पुढे. ५०५० च्या बाजूने एकच खरी नवी गोष्ट, ती म्हणजे मल्टी फ्रेम जनरेशन: एका खऱ्या फ्रेममागे कार्ड अनेक फ्रेम स्वतः रचून दाखवतं. सायबरपंक डोळ्यांना गुळगुळीत दिसेल, हे खरंय. पण माऊस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही, आणि मूळ फ्रेम तीसच्या आसपास असतील तर हात जड लागतो. व्हॅलोरंट खेळणारा पोरगा पाच मिनिटांत सांगेल.

‘पूर्ण वॅटवर’ असं मी म्हटलं, आणि सगळी गोम तिथेच आहे. आरटीएक्स ४०६० या एकाच नावाखाली एनव्हिडिया कंपन्यांना ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही कार्ड बसवू देते. प्रोसेसर निवांत असेल तेव्हा त्याच्या वाट्याची २५ वॅटपर्यंत वीज कार्डाकडे वळवण्याची सोयही आहे, म्हणून जाहिरातीत १४० चा आकडा दिसतो. ६०-७० वॅटचं ४०६० आणि १०० च्या वरचं ४०६० ही दोन वेगळी कार्डं समजा. १०० च्या पुढे मात्र फारसं काही हाती लागत नाही, ११५ आणि १४० मधला फरक मीटरवरच दिसतो. दुकानात मशीन चालू करायला लावा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन. तिथे कमाल ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. १०० किंवा जास्त दिसली तर पहिला पर्याय निःशंक घ्या. ७५ दिसली आणि शेजारचं ५०५० पूर्ण ताकदीचं असेल, तर दुकानदाराचं ऐका. त्याचं कारण चुकीचं आहे, पण सल्ला बरोबर ठरेल.

दुसरी तपासणी रॅमची. तुमच्या यादीत ‘१६ जीबी’ एवढंच लिहिलंय. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली स्लॉट किती वापरलेत ते दिसतं. ‘२ पैकी १’ आलं तर सोळाची एकच पट्टी आहे, म्हणजे प्रोसेसरला मेमरीचा निम्माच रस्ता मिळतोय. सायबरपंकमध्ये कदाचित कळणार नाही, पण व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये, जिथे प्रोसेसरवरच सगळा भार, तिथे फ्रेम पडतात आणि मधेच झटके बसतात. माझ्याकडे ‘लॅपटॉप गेममध्ये अडखळतो, प्रोसेसर कमी पडतोय का’ म्हणून जी मशीन येतात, त्यांत एकपट्टीवाली नेहमीच असतात. दुसरी पट्टी टाकली की गिऱ्हाईक खूश, आणि प्रोसेसर तोच.

इथेच थांबण्याच्या विरोधातलं यंदाचं सगळ्यात मोठं कारण आहे. पूर्वी मी सर्रास सांगायचो की एक पट्टी असू दे, सहा महिन्यांनी स्वस्तात दुसरी टाका. आता तसं सांगवत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलंय, आणि गेल्या वर्षाच्या अखेरीपासून रॅमचे भाव चढते आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल हा सामान्य ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या भावाच्या रॅमचे लॅपटॉप दुकानांत आहेत तोवर आहेत. नव्या प्रोसेसरचा लॅपटॉप नव्या भावाची रॅम घेऊन येणार. ‘थांबलो की स्वस्त होतं’ हा कॉम्प्युटरच्या बाजाराचा जुना नियम यंदा तरी धरून चालू नका. म्हणून दोन पट्ट्यांचं मॉडेल तीन-चार हजारांनी महाग असलं तरी तेच घ्या, तुमचे ताणलेले पाच हजार तिथे घाला.

थांबण्याने जुना माल स्वस्त होईल ही आशाही मला फारशी पटत नाही. नवं येतं तेव्हा आधी संपतात ती चांगली मॉडेल. भरघोस सवलतीला उरतात कमी वॅटचं कार्ड, फिकट पडदा, एक पट्टी असली. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये कधी कधी खरंच चांगला भाव मिळतो, पण ते सहा-सात महिने लांब आहे.

मग थांबावं तरी कधी? ग्राफिक्स कार्डाची पिढी बदलणार असेल तेव्हा. २०२५ च्या सुरुवातीला कोणी विचारलं असतं तर मी थांबवलं असतं, कारण आरटीएक्स ५० चे लॅपटॉप मार्चअखेर यायचे होते. यंदाच्या सीईएसमध्ये एनव्हिडियाने नवी कार्डं आणलीच नाहीत. आणि जुना लॅपटॉप अजून धड चालतोय, कॉलेजचं काम अडलेलं नाही, तेव्हाही थांबायला हरकत नाही. तुमच्या पत्रात तर सॉलिडवर्क्स उघडायला दहा मिनिटं लागतात असं लिहिलंय.

एचएक्सची उणी बाजूही सांगतो, ती कोणी सांगत नाही. एचएक्स म्हणजे डेस्कटॉपची चिप लॅपटॉपच्या पायावर बसवलेली. काही न करताही ती वीज पिते, म्हणून बॅटरी कमी टिकते. १३६५०एचएक्सला मूळ मर्यादा ५५ वॅट, क्षणभरासाठी १५७ पर्यंत जाण्याची मुभा. सोलापूरच्या मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असते, एसीतल्या २४ अंशांच्या चाचणीत दिसलेले आकडे तिथे लागू नाहीत. चिप चौदा अंश वरूनच सुरुवात करते, आणि १०० ला पोचली की स्वतःच वेग कमी करते. उपाय सोपा आहे. कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम मोड असतो, त्यात प्रोसेसरची वॅट मर्यादा ५५ ते ६० वर बांधून टाका. जड गेममध्ये कार्डच राबत असल्याने फ्रेम जवळपास तितक्याच राहतात, पंख्याचा आवाज आणि कीबोर्डची धग मात्र उतरते. काही मॉडेलमध्ये ही सोय नसते, तेव्हा ‘बॅलन्स्ड’वर ठेवा. टर्बो मोड डिसेंबरसाठी राखून ठेवा.

तेराव्या-चौदाव्या पिढीत बिघाड होता ना, असंही तुम्ही विचारलंय. तो डेस्कटॉप प्रोसेसरांचा, जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होण्याचा प्रश्न होता, आणि २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला. लॅपटॉपच्या चिपना तो दोष लागू नाही असं इंटेलने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. त्या कारणाने घाबरू नका.

फिरताना कोणी रायझन ७ ७४३५एचएस दाखवला, आणि दाखवतील, कारण तो स्वस्त पडतो, तर एक गोष्ट माहीत असू द्या. त्यात आठ झेन ३ प्लस कोअर आहेत, गेमला बरे चालतात, पण आतलं ग्राफिक्स नाहीच. म्हणजे पीडीएफ वाचतानाही मोठं कार्ड जागं. वर्गात चार्जरची जागा शोधत फिरावं लागेल. कायम टेबलावरच राहणाऱ्या मशीनसाठी ठीक आहे, हॉस्टेल-कॉलेज करणाऱ्यासाठी नाही. ८८४५एचएस किंवा रायझन ७ २६० सोबत पूर्ण वॅटचं ४०६० मिळालं, तर मात्र मी १३६५०एचएक्सच्या आधी तेच उचलेन. गेमला तितकंच, बॅटरीला बरंच सरस.

बिल करताना सिरियल नंबर बिलावर घ्या आणि तिथेच कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून मोजतायत ते बघा. दुकानात पडून राहिलेल्या मालाची वॉरंटी कधी कधी आधीच सुरू झालेली दिसते. बिल दाखवून ती दुरुस्त करून मिळते, पण ते काम दुकानदारावर सोपवा आणि तारीख बदललेली दिसेपर्यंत मागे लागा. घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच चार्जर लावून सलग दोन तास जड गेम चालवा. पंखा खरखरतोय का, पडद्याच्या कडेने उजेड गळतोय का, मधेच बंद पडतोय का, हे तेव्हाच कळतं, आणि बदलून मिळण्याची मुदत फार मोठी नसते.